पाइनमधले नर

१

पहाटे उठून सापळे बघायला जायचं, याचा मेरिनला आता मनापासून वीट आला होता. तरुणपणी त्यात मौज वाटायची म्हणे. वाटत असेल. आता उठलं की आधी गुडघे कुरकुरायचे, मग पाठ, आणि मग पुढच्या खोलीतून नेव्हिलचा खोकला ऐकू यायचा. ती थर्मासमध्ये चहा भरायची, नवऱ्याच्या उशाशी पाणी आणि गोळ्या ठेवायची, रबरी बूट चढवायची आणि निघायची. ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या डोंगरात सप्टेंबर म्हणजे नावाचाच वसंत. गाडीची काच रोज खरवडावी लागायची.

रानातल्या जनावरांची नोंद ठेवायचं हे काम अवघड नव्हतं, फक्त संपत नव्हतं. जागा तीन. ओढ्याकाठचं ओलं रान, त्याच्या वरचा कोरडा कडा, आणि रस्त्यापलीकडचा, पाइनच्या झाडांची लागवड केलेला तुकडा. तिन्हीकडे जमिनीवर अॅल्युमिनियमचे लांबट डबे मांडलेले. आत शेंगदाण्याचं लोणी, ओट आणि मध यांची एक गोळी, आणि जनावर गारठू नये म्हणून मूठभर लोकर. खाण्याच्या वासानं ते आत शिरलं की मागे दार पडायचं. सकाळी त्याला कापडी पिशवीत घ्यायचं, तोलायचं, कानावरची खूण बघायची आणि जिथं सापडलं तिथंच सोडायचं. हा शेवटचा नियम मेरिननं उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. तिच्या हाताखालून शिकून गेलेल्या प्रत्येकाकडून तिनं तो घोकून घेतला होता.

जनावराचं शास्त्रातलं नाव अँटेकायनस. गावातली माणसं त्याला खुशाल रानउंदीर म्हणायची आणि मेरिनच्या डोक्याची शीर उठायची. उंदीर नव्हेच तो. कांगारूचा लांबचा भाऊबंद. मादी पिल्लं पोटाशी लटकवून वाढवते. नराची तऱ्हा तर जगावेगळी. हिवाळा सरता सरता सगळे नर माद्यांच्या मागे लागतात, खाणंपिणं सोडतात, केस झडतात, अंगावर जखमा पडतात आणि मग मरतात. दोनचार नव्हे, एकूण एक. ऑगस्ट उलटला की अख्ख्या डोंगरात औषधाला नर सापडत नाही. लग्नाआधी तिनं हे नेव्हिलला सांगितलं तेव्हा त्यानं गंभीरपणे विचारलं होतं, मग माझं काय ठरवलंयस?

त्या सकाळी ओढ्याकाठी माद्या मिळाल्या, कड्यावरही माद्याच. पाइनमधल्या शेवटच्या डब्यात मात्र नर होता.

२

एखादा मागे राहिला असेल, असं ती स्वतःला म्हणाली. निसर्गात उशीर करणारे असतातच. पण पिशवीत धडपड नव्हती, हे तिच्या हाताला खटकलं. हे जनावर मुठीत मावतं, पण चावायला लागलं की बोट सोडत नाही. हा गप्प बसून होता. तिनं कापड मागे सारलं. टोकदार नाक, उघडे डोळे, पाठीवरचे केस झडलेले, कुल्ल्यावर जखमा. मरायला टेकलेल्या नराची सगळी लक्षणं. पण जखमा कोरड्या ठणठणीत, आणि अंग गार.

गारठलेलं जनावर शर्टाच्या आत घालून पोटाच्या कातडीला लावायचं, ही या धंद्यातली जुनी रीत. ती एका आडव्या पडलेल्या बुंध्यावर बसली, त्याला आत घेतलं आणि चहा प्यायली. एरवी चहाचा कप संपेपर्यंत आत वळवळ सुरू होते. कप संपला, दुसरा संपला. त्याला ऊब लागली नाही. उलट तिच्याच पोटाची तेवढी जागा बधिर झाली.

मग तिनं डबा उलटा करून बघितला. गोळी जशीच्या तशी. लोकर न विस्कटलेली. लेंडीसुद्धा नाही, आणि सापळ्यात रात्र काढलेलं जनावर घाण केल्याशिवाय राहतच नाही. म्हणजे हा खायला आलाच नव्हता. मग आत कशाला शिरला?

तिनं त्याला डब्याच्या तोंडाशीच सोडलं. पळाला नाही. पाइनच्या गळलेल्या, सुयांसारख्या पानांवर जरा वेळ उभा राहिला, मग वळला, चालत आला आणि तिच्या बुटाला नाक लावून थांबला. तिनं बुटाच्या टोकानं त्याला हळूच बाजूला केलं. तेव्हा तिला जाणवलं, की ओढ्यापाशी पक्ष्यांनी कान किटवले होते आणि इथं काहीच ऐकू येत नव्हतं. पाइनच्या लागवडीत शांतता असतेच, त्यात काय एवढं, असं म्हणून ती उठली.

घरी आल्यावर तिनं नेव्हिलला सांगितलं. तो पुढच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या खाटेवर असायचा. यकृतातून सुरू झालेलं दुखणं आता सगळीकडे पसरलं होतं. हाडांचा सापळा झाला होता बिचाऱ्याचा, पण जीभ अजून धड होती.

"शहाणा आहे तो," नेव्हिल म्हणाला. "बायकांच्या मागे गेलाच नसेल."

"गेला होता. अंगावर खुणा आहेत."

"मग राहिला कसा?"

ती त्याचं पांघरूण नीट करत राहिली. दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं त्या दिवशी त्यानं तिच्याकडून एक कबूल करून घेतलं होतं. आता पुन्हा तिकडे नाही, नळ्या नाहीत, सुया नाहीत. घरच्या खाटेवर जे व्हायचं ते होऊ दे, मला ओढत बसू नकोस. ती हो म्हणाली होती. म्हणायला काय जातं?

३

दुसऱ्या दिवशी पाइनमध्ये आणखी नर सापडले. त्यानंतर रोजच. सगळे गार, सगळे गप्प, एकाही गोळीला तोंड लावलेलं नाही.

मेरिन दरवर्षी जनावरांच्या कानाला बारीक खाच पाडायची, आणि दर वर्षाची जागा वेगळी. या वर्षीची उजव्या कानाला, खाली. पाइनमधल्या नरांपैकी एकाची खाच उजव्या कानाला वर होती. ही गेल्या वर्षीची. दुसऱ्याच्या डाव्या कानाच्या मुळाशी होती. ते टॅम्सिनच्या लग्नाचं वर्ष. लेकीचं लग्न होऊन आता तिची पोरं शाळेत जात होती.

आता या बाईचं डोकं शास्त्राचं. तिनं हार मानली नाही. नर एकमेकांशी भांडतात, कान फाटतात, तीच खाच वाटली असेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल. झोप नाही, माणसाला दोनाचे चार दिसतात. ही सगळी कारणं तिनं गाडीत बसून एकेक तपासली आणि सगळी बरी वाटली. पण आपल्या हातची खाच माणूस ओळखतो. स्वतःच्या शिवणीचा टाका बाईला कुणी दाखवावा लागत नाही.

कंटाळून तिनं एक दिवस पाइनमधले सगळे डबे बंदच ठेवले. दारं दाबून लावली, म्हटलं, एक दिवस यांनाही सुट्टी आणि मलाही. दुसऱ्या सकाळी गेली तर प्रत्येक डब्याच्या बंद दाराशी एकेक नर बसला होता. दाराला नाक लावून. तिची चाहूल लागल्यावरही कुणी हललं नाही.

ती तशीच मागे फिरली. गाडीत बसून तिनं हीटर लावला. भीती वाटली होती, खोटं कशाला बोला. पण भीतीपेक्षा जास्त तिला दमायला झालं होतं. घरी एक दुखणं, इथं हे.

४

पुढच्या फेरीत तिनं नियम मोडला. डाव्या कानाच्या मुळाशी खाच असलेला तो नर पिशवीत घातला, पिशवी शर्टात घातली आणि गाडीकडे चालू लागली. नेव्हिलला दाखवायचा, एवढाच विचार होता. दुसऱ्या कुणीतरी तो डोळ्यांनी बघितला म्हणजे आपल्या डोक्याचा तरी निकाल लागेल.

पाइनच्या तुकड्याला चारही बाजूंनी वणवा आत पसरू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी होती आणि पट्टीच्या कडेला एक चर. त्यावर दोन फळ्या टाकलेल्या. फळ्यांपर्यंत तो पोटाशी नुसता गार गोळा होता. फळ्या ओलांडताना मात्र तो हलला. अंग ताणलं, आणि एक उबदार श्वास तिच्या कातडीला लागला. एकच. माणूस दिवसभराचं ओझं खाली ठेवून सोडतो तसा. नंतर पिशवीचं वजन लागेना.

गाडीच्या टपावर तिनं पिशवी उघडली. आत चिमूटभर केस होते, काड्यांसारखी हाडं आणि कागदासारखी वाळलेली कातडी. कित्येक वर्षांपूर्वी मेलेलं काहीतरी. कानाचा तुकडा तेवढा शाबूत होता, खाचेसकट.

एखादी किंचाळली असती. मेरिन उभी राहिली. आणि तिच्या मनात जे पहिलं आलं, त्याची तिला त्याच क्षणी लाज वाटली. चराच्या आत हा जिवंत होता, असं तिच्या मनात आलं. इतकी वर्षं. आत असेपर्यंत.

तिनं ते सगळं गवतात झटकलं, आणि घरी जाऊन शर्ट धुवायला टाकला. नेव्हिलला काही बोलली नाही.

५

त्यानंतर नेव्हिल झपाट्यानं उतरला. घरी येणारी नर्स रोवेना, चांगली पोर, आडपडदा न ठेवता बोलणारी. तिनं मेरिनला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं, की आता दिवसांचाच प्रश्न आहे, पर्थहून लेकीला बोलवून घ्या. आतून नेव्हिलच्या छातीतली घरघर ऐकू येत होती. रोवेना गेल्यावर मेरिन सिंकपाशी उभी राहून रडली. टॅम्सिनला फोन मात्र केला नाही.

दुपारी त्यानं हाक मारली.

"म्हातारे, ते पाइन बघून यावं म्हणतो एकदा."

"कुठले पाइन?"

"कुठले म्हणजे? माझ्या हातचे. मी आणि स्पिटेरीनं लावलेले. बाकीची सगळी लागवड कापून पुन्हा लावली, तो एक तुकडा उतारामुळे राहिला. यंत्र चढत नाही म्हणून. तू रोज जातेस, मला कधी नेलंस का?"

नाही म्हणायला हवं होतं. तुला झेपणार नाही, थंडी आहे, रोवेना रागावेल. सांगायला कारणं का कमी होती? तिनं एकही सांगितलं नाही. उलट स्पिटेरीला फोन केला.

स्पिटेरी म्हणजे नेव्हिलचा लागवडीच्या टोळीपासूनचा सोबती, मूळचा माल्टाचा, आता त्याच लागवडीवर देखरेखीला होता. फाटकाची किल्ली त्याच्याकडे असायची. तो आला, नेव्हिलला पांघरुणासकट लहान मुलासारखं उचलून गाडीत ठेवलं आणि वर टोमणाही मारला, की नेव्ह्या, टोळीत असतानाही तुझं काम मीच करायचो. नेव्हिल हसला. हसताना त्याला इतकं दुखलं, की मेरिननं तोंड फिरवलं.

स्पिटेरीनं फाटक उघडलं, गाडी तिथल्या मोरीवरून चर ओलांडून आत गेली आणि घरघर थांबली. मेरिननं जोरात ब्रेक दाबला. तिला वाटलं, संपलं. पण नेव्हिल ताठ बसून झाडांकडे बघत होता.

"गंमत आहे," तो म्हणाला. "दुखायचं थांबलं."

तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती हमसून रडली. आनंद झाला होता तिला. देवाशपथ, नुसता आनंद.

६

लागवडीच्या काळात टोळी डबा खायला बसायची ती पत्र्याची खोपटी त्या तुकड्याच्या मधोमध अजून उभी होती. आत चूल, बाकडं, एक खाट. संध्याकाळपर्यंत थांबू म्हणून ते दोघं तिथं गेले आणि राहिले. रोवेनाला तिनं सांगितलं, की नेव्हिलला समुद्राकाठी त्याच्या बहिणीकडे नेलंय, त्याची शेवटची इच्छा होती. असा माणूस प्रवासाला निघालाच कसा, हे तिला उमगेना. टॅम्सिनला सांगितलं, बाबा बरे आहेत. ते तर खोटंही नव्हतं.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. नेव्हिल बोलायचा. कुठल्या रांगेत कुणी रोपं लावली, कोण आळशी, कोण पावसात रोपं तशीच फेकून पळायचा, सगळं सांगायचा. मेरिन सापळ्यांची फेरी करून यायची आणि चुलीवर भोपळ्याचं सूप गरम करायची. तो वाटी हातात धरायचा. सूप गार झालं की ती वाटी काढून घ्यायची. टोस्ट, अंडं, त्याच्या आवडीचा लिंबाचा केक, सगळं तसंच परत जायचं. खाल्लं नाही तरी तो आणखी वाळत नव्हता, हेही तिच्या लक्षात आलं. लक्षात आलं आणि तिनं ते बाजूला सारलं.

मग त्याचं बोलणं कमी झालं. तो पडून राहायचा, डोळे मिटायचा, उघडायचा.

"झोप येत नाही," तो म्हणायचा. "इतका दमलोय मेरिन, आणि झोपच येत नाही. काठापाशी जातो आणि तिथंच उभा."

ती त्याचे हात आपल्या स्वेटरच्या आत घ्यायची. ऊब लागायची नाही. घरी जाऊया, असं तो म्हणायला लागला. उद्या जाऊ, असं ती म्हणायची. रोज उद्या.

एका सकाळी ती ओढ्याकडची फेरी संपवून आली तर खाट रिकामी. नेव्हिल गाडीत बसला होता. इथं राहायला आल्यापासून ती गाडी खोपटीपाशीच उभी करून फेरीला पायी जायची. दार लावलेलं, पट्टा बांधलेला, हात मांडीवर आणि नजर समोर वाटेवर. ज्याला कूस वळायला दोन माणसं लागायची, तो स्वतः चालत आला होता. तिनं दार उघडलं, पट्टा सोडला, त्याच्या काखेत हात घालून त्याला परत आत आणलं. बाहेर किती गारठा आहे, काही कळतं का तुला, असं ती त्याला रागवत होती. तो तिच्या खांद्याला नाक लावून चालत राहिला. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा गाडीत होता. तिसऱ्याही.

मग स्पिटेरी आला. हातात बिअरच्या दोन बाटल्या आणि पत्त्यांचा जोड घेऊन, मोठमोठ्यानं बोलत आत गेला. मेरिन बाहेर लाकडं फोडत राहिली. आतला मोठा आवाज हळूहळू बारीक झाला. थोड्या वेळानं स्पिटेरी बाहेर आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. चेहरा उतरला होता त्याचा.

"त्याला घरी ने," तो म्हणाला.

"बरा आहे तो इथं. दुखत नाही त्याला."

"मी त्याचा हात धरला होता आत्ता. माझ्या बापाला मी शेवटची आंघोळ घातली मेरिन, या हातांनी. तो हात कसा लागतो, मला ठाऊक आहे."

"तो बोलतोय तुझ्याशी. डोळे उघडे आहेत त्याचे."

"म्हणून तर म्हणतोय," स्पिटेरी म्हणाला. बाटल्या आतच राहिल्या होत्या, त्या घ्यायलाही तो परत गेला नाही. तो गेल्यावर मेरिनला त्याचा संताप आला. याचं काय जातं सांगायला? घरी जाऊन बायकोशेजारी झोपेल. तिनं कुऱ्हाड लाकडात घातली आणि ती तिथंच अडकली.

७

त्या रात्री दोघांनाही झोप नव्हती, आणि उजाडताच ती पाइनमधल्या डब्यांकडे गेली. खरं म्हणजे इथलं काम केव्हाच थांबलं होतं. तोलून काय उपयोग, वजन बदलत नव्हतं. पण सवयीचे पाय. सगळी दारं पडलेली होती. तिनं पहिला डबा उघडला. नर आत, दाराकडे तोंड करून. गोळी शाबूत.

तिनं त्याला हातावर घेतलं. रिकाम्या हातावर, पिशवीशिवाय. चावला नाही. तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या खांद्यावरून पलीकडे, वाटेकडे बघत होता. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात शिरलं.

हे आत शिरत होते ते खाण्यासाठी नव्हे. या रानात उचलून नेणारी गोष्ट एकच होती, हा डबा. त्यात बसलं की एक बाई येते आणि उचलते. आणि ती बाई दर वेळी त्यांना उचलायची, तोलायची, कान बघायची, आणि जिथल्या तिथं खाली ठेवायची. रोज. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा येऊन बसायचे.

ती तिथंच डब्याशेजारी बसली. हातावरचा नर तसाच बसून होता. त्याच्याकडे बघताना तिला तिन्ही सकाळी आपण सोडलेला पट्टा आठवला, आणि खांद्याला लागलेलं ते नाक. "मला माफ कर," ती म्हणाली, आणि हे ती कुणाला म्हणाली, ते तिचं तिला ठाऊक.

ती गाडीशी आली तेव्हा नेव्हिल आत बसलेलाच होता. ती वळसा घालून आपल्या बाजूला आली, दार उघडलं आणि बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. त्याला हात लावावा, एकदा नीट बघून घ्यावं, काहीतरी म्हणावं. म्हणण्यासारखं खूप होतं आणि त्यातलं काहीही म्हटलं असतं तर तिनं पुन्हा पट्टा सोडला असता.

"घरी ना?" त्यानं विचारलं.

"घरी."

"मधे थांबू नकोस. तुला थांबायची सवय आहे."

"नाही थांबत."

गाडी हलली. मेरिन बोलायला लागली. गप्प राहिली असती तर हात-पाय चालले नसते. परसातल्या लिंबाबद्दल बोलली, कुंपणाचा एक खांब कुजलाय त्याबद्दल, टॅम्सिनच्या धाकट्याचा पुढचा दात पडला त्याबद्दल. नेव्हिल मधूनच हं म्हणत होता. झाडं विरळ झाली, पुढे उजेड दिसायला लागला, आणि उजेडाच्या अलीकडे चर. तिचा पाय ब्रेककडे गेला. तिनं तो उचलून पुन्हा होता तिथं ठेवला.

"लिंबाला या खेपेला इतकी फळं आलीयत," ती म्हणाली, "की फांदीला टेकू..."

चाकं चरावरून गेली. शेजारून एक श्वास ऐकू आला, लांब, सुटकेचा. तिनं मान वळवली नाही. मग त्याच्या अंगावर सैल पडलेला सीटचा पट्टा आत ओढला जाण्याचा बारीक आवाज झाला. थोडा ओढला गेला, थांबला, मग आणखी थोडा. शेवटी वासामुळे तिला आपल्या बाजूची काच खाली करावी लागली. बाहेर पक्षी ओरडत होते आणि वॉटलची झाडं पिवळीधमक फुलली होती. रस्ता रिकामा होता, गाव अजून लांब होतं.

"टेकू द्यायला लागेल," मेरिन म्हणाली, आणि गाडी चालवत राहिली.